बॅनबरी रोडवरची टपालपेटी

बेळगावहून निघताना आमच्या पिशवीच्या तळाशी, लोणच्याच्या बरणीखाली, एक जीर्ण इंग्रजी पुस्तक होते. ते कशासाठी घेतले आहे हे आम्ही सौभाग्यवतींनाही सांगितले नव्हते. आमची कन्या रेडिंग येथे नोकरीस आहे. मे महिन्याच्या सुटीत तिच्याकडे गेलो असता एका शनिवारी तिने आम्हां उभयतांना ऑक्सफर्ड दाखविण्यास नेले. आगगाडीने अर्ध्या तासाचा प्रवास.

ऑक्सफर्डला जाणारा प्रवासी विद्यालयांची प्रांगणे आणि घुमट पाहतो. ते सर्व आम्हीही पाहिले आणि त्याची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. ब्रॉड स्ट्रीटवरील एका जुन्या दगडी इमारतीपाशी मात्र आम्ही रेंगाळलो. तेथे आता विज्ञानेतिहासाचे संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धानंतर थोरल्या ऑक्सफर्ड शब्दकोशाचे काम याच वास्तूत चालले होते आणि १९१९-२० च्या सुमारास युद्धावरून परतलेला जे. आर. आर. टोल्किन नावाचा तरुण तेथे डब्ल्यू या अक्षराचे शब्द उलगडीत बसला होता. अक्रोडासाठी इंग्रजीत जो ‘वॉलनट’ शब्द आहे, त्याचे मूळ शोधण्याचे काम त्याच्याकडे आले होते. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘परदेशी फळ’ असा निघतो. ‘वॉलरस’ या शब्दाने तर त्याला फार छळले. त्याच्या व्युत्पत्तीचे मसुदे त्याने पुन्हा पुन्हा लिहिले. पुढे हाच गृहस्थ अँग्लो-सॅक्सन भाषेचा प्राध्यापक झाला आणि १९३७ साली त्याने ‘द हॉबिट’ ही अद्भुतकथा प्रसिद्ध केली. आमच्या पिशवीतले पुस्तक तेच.

तेथून उत्तरेस चालत निघालो. बॅनबरी रोडवरील ७८ क्रमांकाच्या घरासमोर तांबड्या रंगाची एक टपालपेटी उभी आहे. या घरी शब्दकोशाचे संपादक जेम्स मरे १८८५ पासून १९१५ साली निधन होईपर्यंत राहत होते. बागेत पत्र्याची शेड उभारून त्यांनी तीत शब्दांच्या चिठ्ठ्यांचे डोंगर रचले. जगभरातील वाचक पुस्तकांतून वेचलेली वाक्ये त्यांना धाडीत. पत्रव्यवहार इतका अफाट, की टपाल खात्याने त्यांच्या दाराशीच पेटी बसविली. घरातील मुलेही त्या चिठ्ठ्या लावीत. मरे मूळचे शाळामास्तर, हे सांगताना आमची छाती किंचित फुगली हे कबूल करतो. कोश पुरा व्हायला १९२८ साल उजाडले. मरे तो पूर्ण झालेला पाहू शकले नाहीत.

त्या पेटीपाशी उभे असताना आमच्या मनात निराळेच चालले होते. शब्दाचा अर्थ ठरवायचा तर तो कोणकोणत्या वाक्यांत कसा वावरला आहे ते आधी पाहायचे, ही मऱ्यांची रीत. आम्ही तीस वर्षे याच्या नेमके उलट करीत आलो. फळ्यावर रोज दहा शब्द, समोर अर्थ, दुसऱ्या दिवशी घोकलेले म्हणून दाखवायचे. घरी मराठी, गावात कानडी आणि इंग्रजी केवळ पाठ्यपुस्तकात, अशा मुलांना दुसरा मार्ग कोणता, असे आम्हांस वाटे. शनिवारी पाठ झालेले शब्द सोमवारी कोठे जात ते देव जाणे.

२००६ साली कन्या सातवीत असताना रद्दीवाल्याकडून आणलेले हे पुस्तक ती चोरून वाचीत होती. परीक्षा तोंडावर आली होती. राक्षस-बुटक्यांच्या गोष्टींनी इंग्रजी येत नसते, असे सुनावून आम्ही ते तिच्या हातातून ओढून घेतले आणि शाळेच्या कपाटात कुलूपबंद केले. मराठीचे एम. ए. असूनही! ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या आम्ही अभ्यासल्या होत्या, पण साहित्याची बाल्यावस्था म्हणून. कन्या त्या दिवशी जेवली नाही. पुस्तक मात्र तिने पुन्हा कधी मागितले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत कपाट आवरताना ते हाती आले. सहज उघडले, तो समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षर. पहिल्याच प्रकरणात ‘फ्लमॉक्स्ड’ शब्दाखाली रेघ आणि पुढे ‘रागावला?’, ते खोडून ‘गोंधळला’. ‘ग्लूम’पाशी आधी ‘रात्र?’, पुढच्या प्रकरणात तोच शब्द भेटल्यावर ‘काळोख’ आणि आणखी काही पानांनंतर ‘काळोखी, मनातलीसुद्धा’. कोश तिच्याजवळ नव्हता. गोष्टीत पुढे काय होते या ओढीने ती त्याच शब्दाकडे तीन वेळा परतली होती. आमच्या फळ्यावर कोणता शब्द तीन वेळा आला होता?

कोळ्यांच्या प्रकरणात नायक त्यांना ‘अ‍ॅटरकॉप’ म्हणून चिडवतो. हा कोळ्यासाठी असलेला जुना इंग्रजी शब्द. त्यातला ‘कॉप’ आजच्या ‘कॉबवेब’मध्ये, म्हणजे कोळिष्टकात, शिल्लक आहे. समासात तिने लिहिले होते : ‘शिवी. कोळ्याला लागते.’ बँकेच्या अर्जात हा शब्द कोणी विचारणार नाही हे खरे. अशा पुस्तकांतून जुने, पडीक शब्दही मुलांच्या तोंडी बसतात आणि स्पेलिंगसाठी घोकंपट्टी थोडी लागतेच, या मतावर आम्ही आजही ठाम आहोत. पण ‘ग्लूम’चा तो तिसरा अर्थ आम्ही कोणत्याही मुलाला देऊ शकलो नव्हतो.

नॉर्थमूर रोडवरील २० क्रमांकाचे घर साधे, प्रशस्त. टोल्किन येथे १९३० ते १९४७ राहिले. भिंतीवर निळी पाटी आहे. घर खाजगी असल्याने बाहेरूनच पाहावे लागते. संसाराला हातभार म्हणून प्राध्यापकमहाशय शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासीत. एकाने एक पान कोरे सोडले होते. त्यावर त्यांनी या गोष्टीचे पहिले वाक्य लिहून टाकले. आम्हीही हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. कोऱ्या पानावर आम्ही तांबड्या शाईने तिरपी रेघ मारीत आलो. टोल्किन यांचा ‘हॉबिट’ हा शब्द पुढे १९७६ साली त्याच शब्दकोशाच्या पुरवणीत दाखल झाला. ते पाहायला ते हयात नव्हते.

पदपथावरच आम्ही पिशवी उघडली आणि पुस्तक कन्येच्या हाती दिले. “हे तुमच्याकडे होतं?” एवढेच ती म्हणाली. पाने चाळताना मध्येच थांबली. आमच्या हातची शाईची एक खूण तिला दिसली होती.

“बाबा, हे कोणी लिहिलं?”

“आम्ही. विमानात. या शब्दाचा अर्थ आम्हांस लागला नाही.”

तिने वाक्य दोनदा वाचले. “पुढचं पान वाचलंत का?”

वाचले नव्हते. सौभाग्यवतींनी बसस्टॉपवरचे बाक आधीच गाठले होते. आम्ही दोघे तिच्या शेजारी बसलो आणि कन्येने पान उलटले.