ताटातली शुद्धता आणि आपला धम्म

आपल्या विहारांमध्ये अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकू येतं : "खरा बौद्ध शाकाहारीच असतो." बुद्धपौर्णिमेच्या भोजनदानात साधा वरणभात असावा, याला कुणाचीच हरकत नाही. पण सुकट खाणाऱ्या म्हातारीला "ही अजून सुधारली नाही" असं आपलीच पोरं म्हणू लागली, की विचारावं लागतं : ताटाच्या शुद्धतेचा हा हिशोब आला कुठून? विनयपिटकातून की मनुस्मृतीतून?

गेल्या हिवाळ्यात वडाळ्याहून आम्ही चौदा जण बोधगयेला गेलो, तेव्हा या प्रश्नावर चांगलीच चर्चा झाली. सुरुवात गाडीतच झाली. समोरच्या बाकावरच्या प्रवाशाने आधी डब्यात काय आहे ते विचारलं, मग आडनाव विचारलं. हा क्रम आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. मुंबईत मासळीच्या वासावरून भाड्याचं घर नाकारतात, तिथेही हाच क्रम असतो. आधी नाक, मग जात.

बोधगयेत धर्मशाळेच्या शेजारच्या खोलीत म्यानमारच्या शान राज्यातलं, तौंगजीचं एक कुटुंब उतरलं होतं. आजी, तिची मुलगी आणि नातू. नातू थायलंडमध्ये चिआंग माईला कामाला असल्याने थोडं इंग्रजी बोलायचा. त्याने सांगितलं, "शान हे नाव दुसऱ्यांनी दिलेलं. आम्ही स्वतःला ताई म्हणतो." आमच्या महिला मंडळाला हसू आवरेना. "अगं, मग आपण सगळ्याच ताई!" हसणं ओसरल्यावर मात्र सगळे गंभीर झाले. दुसऱ्याने दिलेलं नाव आणि स्वतः घेतलेलं नाव यातला फरक १९५६ साली नवं नाव घेतलेल्या समाजाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

संध्याकाळी आमच्या बायकांनी शेगडीवर पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या, घरून आणलेली सुकटीची चटणी काढली. आमच्यातल्या दोघा तरुणांनी विरोध केला. "बुद्धभूमीत सुकट नको. शेजारी बौद्ध देशातली माणसं आहेत, काय म्हणतील?" त्यांना उत्तर द्यायची वेळच आली नाही. वास घेत आजी स्वतःच शेगडीपाशी आली, पातेल्यात डोकावली आणि नातवाला काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "हे तर आमचंच आहे, असं म्हणते."

ती चुकीचं बोलत नव्हती. शान तोफू सोयाबीनचा नसतो, हरभऱ्याच्या पिठाचा असतो. पीठ, पाणी, हळद, मीठ घालून ढवळत शिजवायचं. पातळ असताना शेवयांवर ओतायचं, थंड होऊन घट्ट झालं की वड्या कापायच्या. आपलं पिठलं आणि आपली पाटवडीच की! मग त्यांच्या पिशवीतून आंबवलेल्या सोयाबीनच्या वाळवलेल्या चकत्या निघाल्या. त्यांना ते 'थुआ नाओ' म्हणतात. त्यांचा डोंगराळ मुलूख समुद्रापासून लांब, म्हणून तिथे सुकटीचं काम या चकत्या करतात. वासही तितकाच उग्र. आजीने सुकट दोनदा मागून घेतली. कुणी कुणाची जात विचारली नाही, कारण त्यांच्याकडे तो प्रश्नच नव्हता.

ते दोघे तरुण रात्री म्हणाले, "पण अहिंसेचं काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर धम्मातच आहे. देवदत्ताने भिक्खूंसाठी जे पाच कडक नियम मागितले, त्यात मासमच्छी वर्ज्य करण्याचा नियम होता. बुद्धांनी तो नाकारला. आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली, तर भिक्खूने ते मांस घेऊ नये, एवढीच अट ठेवली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला. त्याआधी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी मांडलं, की आपले पूर्वज बौद्ध होते, गोमांस खात राहिले आणि त्यावरूनच अस्पृश्य ठरवले गेले. ज्या ताटावरून आपल्याला गावाबाहेर काढलं, त्याच ताटाची लाज आता विहारात बसून आपणच एकमेकांना शिकवायची का? कुणी करुणेपोटी मांस सोडलं तर त्याचा आदर आहे. पण सोडणारा श्रेष्ठ आणि खाणारा हलका, ही उतरंड करुणेची नाही, वर्णव्यवस्थेची आहे.

मात्र यावरून "बौद्ध देशात सगळं आलबेल" असा निष्कर्ष काढू नका. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग इथे शान, काचिन आणि चिन नेत्यांनी आंग सान यांच्याशी करार केला. अंतर्गत कारभारात स्वायत्तता हे त्यातलं वचन होतं. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि ते वचन बुडालं. २०२१ मध्ये पुन्हा लष्करी उठाव झाला, २०२४ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली. आजीचा नातू चिआंग माईला हौसेने गेलेला नाही. त्याच्यावर बंदूक रोखणारेही त्रिशरण म्हणतात, भातच खातात.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितलं होतं, की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, तिला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवरचा विश्वास मोडावा लागतो. म्यानमारकडे पाहिलं की त्याच्या पुढचंही कळतं. धर्म एक, ताट एक, तरी हक्क नसतील तर माणूस मोकळा होत नाही. आणि आपल्याकडे तर अजून ताटच एक होऊ देत नाहीत.

म्हणून तरुण मित्रांना सांगणं एवढंच. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात पँथरच्या पिढीने रात्र रात्र वाद घातले, ते माणसाच्या हक्कांवर. कुणाच्या डब्यात काय आहे यावर नव्हे. येत्या धम्मसहलीला प्रत्येक घरातून जे शिजतं ते येऊ द्या. पिठलं येऊ द्या, वरण येऊ द्या, सुकटही येऊ द्या. ज्याला जे खायचं नाही त्याने ते खाऊ नये. पण डबा उघडताना आपल्या एकाही म्हातारीला आजूबाजूला बघावं लागता कामा नये.

जय भीम!