मोबाईल बंद पडले, त्या दिवसाचा हिशोब

गेल्या महिन्यातला मंगळवार. आमच्या तालुक्याच्या गावात मंगळवारी आठवडी बाजार असतो. सकाळी पावणेअकराच्या सुमारास तहसीलसमोरच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो आणि एका बातमीचे फोटो पाठवत होतो. ते जाईनात. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. म्हटलं, नेहमीचंच. फोन वर धरला, दोन पावलं रस्त्यावर आलो. दांड्या पूर्ण होत्या, पण नेट नाही आणि कॉलही लागेना. शेजारच्याकडे दुसऱ्या कंपनीचं कार्ड, त्याचंही तेच. पाच मिनिटांत टपरीवरचा प्रत्येकजण एकमेकाला एकच प्रश्न विचारत होता, "तुझा लागतोय का?"

संध्याकाळी सव्वापाचपर्यंत कुणाचाच लागला नाही. तब्बल साडेसहा तास.

पहिला तास गमतीत गेला. भाजीवाल्या मावशींनी पैसे घ्यायच्या कोडचा पुठ्ठा उलटा करून ठेवला आणि "रोख असंल तरच बोला" म्हणाल्या. रोख कुणाकडे होती? सगळे एटीएमकडे पळाले, तर तिथंही लिंक नाही. रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेईना. पेट्रोल पंपावर भांडणं लागली. कांदा-लसणाचे ढीग तसेच पडून, माल आहे, गिऱ्हाईक आहे, मधला पैसा तेवढा अडकलाय.

दुसऱ्या तासात लोक कारण शोधायला लागले. आणि इथं मला माझी एक चूक कबूल करायची आहे, ही पोस्ट लिहिण्याचं एक कारण तेच आहे.

त्या आठवड्यात गुरुवारी तहसीलवर मोर्चा निघणार होता. टपरीवर कुणीतरी मला विचारलं, "पत्रकार, काय भानगड आहे?" मी चहाचा घोट घेत म्हणालो, "मोर्च्यासाठी प्रशासनानंच बंद केलं असेल." असेल म्हणालो होतो. २०२३-२४ मध्ये आंदोलनाच्या काळात जालना-बीडकडे नेट बंद ठेवण्याचे आदेश निघालेच होते, त्यामुळे सगळ्यांना पटलं. दीड वाजता बसस्टँडवर एका पोरानं मलाच येऊन सांगितलं, "सर, कलेक्टरनं बंद केलंय. तहसीलसमोर एका पत्रकारानं सांगितलं." तोपर्यंत पन्नासेक लोक तहसीलच्या दारात जमले होते. आत बसलेल्यांचे फोनही बंद होते, ते काय सांगणार? घोषणा सुरू झाल्या, एक कुंडी फुटली. त्याहून जास्त काही झालं नाही, ते नशीब.

वीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं की आपल्याकडे प्रशासन नेट बंद करतं तेव्हा साधे कॉल चालू असतात. इथं तर कॉलही मेले होते. आणि असा आदेश काढला तर तो प्रसिद्ध करावा लागतो, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. मी आदेश बघितला नव्हता, कुणाला विचारलंही नव्हतं. नुसतं तोंड उघडलं होतं.

आता त्याच वेळी आमच्या गल्लीत काय चाललं होतं ते सांगतो. ते मला संध्याकाळी कळलं.

आमच्या चार घरं पलीकडं एक काका राहतात. नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. साडेबाराच्या सुमारास जेवायला बसले आणि हातातून घास पडला. बोलणं जड झालं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. काकू १०८ लावत राहिल्या. लागेना. मुलगा बाजारात दुकानावर, त्याचा फोन लागेना. सून पळत आमच्या घरी आली. माझी बायको तिच्यासोबत चौकापर्यंत गेली, रिक्षा आणली, ग्रामीण रुग्णालयात पोचायला सव्वा वाजला. तिथल्या डॉक्टरांनी लगेच ओळखलं, लकवा आहे, जिल्ह्याला न्या, इथं सीटी स्कॅन नाही. रुग्णालयाची अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. ती कुठंय, कधी येईल, विचारायची सोय नाही. मुलाला शोधायला एकजण बाजारात गेला. खाजगी जीप मिळून निघेपर्यंत पावणेतीन वाजले. जिल्ह्याचं ठिकाण सत्तर किलोमीटर. सव्वाचारला पोचले, मग केसपेपर, स्कॅन, रिपोर्ट.

लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन असतं, ते लक्षणं दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. काकांची ती वेळ पाच वाजता संपली. रिपोर्ट हातात आला तेव्हा पाच वाजून गेले होते.

काका वाचले. उजवा हात अजून साथ देत नाही. आधी आले असते तर हात वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "छातीठोक सांगता येत नाही. पण वेळेला किंमत असते." मी तेवढंच लिहितोय, त्यात माझ्या पदरचं काही घालत नाही.

तीनच्या सुमारास मी गाडी काढली होती. तहसीलसमोरचा गोंधळ बघून लाज वाटली आणि म्हटलं, आता तरी खरं कारण शोधू. जिल्ह्याच्या रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे, त्या दिशेनं निघालो. नऊ किलोमीटरवर एका नळकांडी पुलाजवळ जेसीबी उभा होता, शेजारी खड्डा आणि एक पांढरी व्हॅन. व्हॅनच्या मागच्या दारात दोन पोरं छत्री धरून बसली होती. एकाच्या मांडीवर छोटं मशीन, हातात केसासारख्या बारीक काचेच्या तारा.

मी मोबाईल काढला तसा तो म्हणाला, "फोटो नका काढू साहेब, नोकरी जाईल. तोडली दुसऱ्यानं, आम्ही जोडतोय." म्हणून फोटो नाही, आणि कंपनीचं नावही लिहीत नाही. ठेकेदार कंपनीकडं बोट दाखवतो, कंपनी ठेकेदाराकडं. माझ्या हातात कागद नाही.

पण त्या पोरानं काम करता करता मला जे समजावलं, ते सगळ्यांना कळायला पाहिजे. आपल्याला वाटतं मोबाईल म्हणजे हवेतून चालणारी गोष्ट. हवेतून आवाज जातो तो फक्त आपल्या फोनपासून टॉवरपर्यंत. पुढचा प्रवास जमिनीखालच्या या काचेच्या तारेतून होतो. ती तुटली तरी टॉवरला वीज असते, तो चालू राहतो आणि फोनवर दांड्या दिसतात. फक्त पुढं रस्ता नसतो. दोन कंपन्या एकदम का बंद पडल्या? कारण दोघींच्या तारा त्याच चरातून गेल्यात. जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही गेल्या.

मी विचारलं, "मग दुसरा रस्ता नसतो का?"

"असतो ना. रिंग असते. इकडून तुटलं तर तिकडून फिरून जातं."

"मग आज का नाही गेलं?"

"तिकडची बाजू बारा दिवसांपासून तुटलेलीय. गटाराच्या कामात."

"बारा दिवस कुणी जोडली नाही?"

तो मान वर न करता म्हणाला, "इकडून चालू होतं ना साहेब. कुणाची तक्रार नव्हती."

फोन सुरू झाल्यावर रात्री मी बसून शोधलं की बाहेरच्या देशांत असं झालं तर पुढं काय होतं. होतं तिकडंही, आणि कितीतरी मोठं होतं.

२२ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं नेटवर्क पहाटे बसलं, ते पूर्ववत व्हायला किमान बारा तास लागले. तिकडंही आधी अफवाच पसरल्या. कुणी म्हणालं परदेशी सायबर हल्ला, कुणी म्हणालं सूर्यावरचं वादळ. त्याच सुमाराला सूर्यावर मोठे भडके उडाले होते, म्हणून लोकांना पटलं. तिथल्या सरकारी हवामान संस्थेनं त्या भडक्यांमुळे हे झाल्याची शक्यता कमी असल्याचं सांगितलं. पुढं सरकारी दूरसंचार आयोगानं चौकशी करून अहवाल छापला. कारण निघालं ते असं : नेटवर्क वाढवायचं रात्रीचं काम चालू होतं, त्यात एका उपकरणाची सेटिंग चुकली आणि ती नीट तपासलेली नव्हती. साडेबारा कोटी उपकरणं बंद पडली, नऊ कोटींच्या वर कॉल अडले, त्यात आपत्कालीन ९११ चे २५ हजारांहून जास्त.

कॅनडात ८ जुलै २०२२ ला रॉजर्स कंपनीचं नेटवर्क असंच एका बदलात बसलं, एक कोटीहून जास्त ग्राहक अडकले. दुरुस्ती करणाऱ्यांचे फोनही त्याच नेटवर्कवर, त्यामुळं सुरुवातीला त्यांना एकमेकांशीच बोलता येईना. आमच्या तहसीलसारखंच झालं म्हणायचं.

ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ ला ऑप्टस बंद पडली. दोन हजारांहून जास्त लोकांचे आपत्कालीन कॉल लागले नाहीत. खरं तर स्वतःची कंपनी बंद असली की असा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जायला हवा. पण ऑप्टसचे काही टॉवर नुसते चालू राहिले, पुढं रस्ता नसताना. फोन त्यांनाच चिकटून बसले. म्हणजे आमच्या त्या खोट्या दांड्याच! तिथं प्रमुख बाईंना दोन आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा लागला, पुढं कंपनीला कोट्यवधींचा दंड झाला.

चुका सगळीकडं होतात. तिथं निदान चूक कुणाची, कशी, हे कागदावर आलं.

आपल्याकडं नियम नाहीत असं नाही. ट्रायच्या नियमाप्रमाणं संपूर्ण जिल्ह्याची सेवा चार तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर कंपनीनं २४ तासांत कळवायचं आणि सेवा सुरू झाल्यावर ७२ तासांत मूळ कारण द्यायचं. २४ तासांच्या वर बंद राहिली तर बिलात सूट किंवा प्रीपेडची मुदत वाढवून द्यायची. आता आमचा हिशोब करा. एक तालुका, साडेसहा तास. जिल्हा नाही, म्हणून चार तासांचा नियमही लागत नाही. कागदोपत्री त्या मंगळवारी आमच्याकडं काही घडलंच नाही.

खोदण्याचंही तसंच. मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांनी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अॅप सुरू केलं. खोदणाऱ्यानं आधी त्यावर कळवायचं, खाली कुणाची केबल-पाईप आहे ते बघायचं. बेफाम खोदकामानं देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनंच तेव्हा सांगितलं होतं. आमच्या पुलाजवळ खोदण्याआधी कुणी ते अॅप उघडलं होतं का, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकलाय. उत्तर आलं की इथंच टाकीन.

तोवर माझं म्हणणं तीनच गोष्टींचं आहे.

एक, नियम तालुक्याला लावा. आजारी माणूस जिल्हा बघून आजारी पडत नाही.

दोन, फोन बंद पडले की अर्ध्या तासात गावाला सांगा. त्याला नेट लागत नाही. नगरपंचायतीच्या घंटागाडीवर रोज गाणं वाजतं, त्याच भोंग्यावरून "केबल तुटलीय, संध्याकाळपर्यंत येईल" एवढं सांगितलं असतं तर तहसीलवर कुणी गेलं नसतं.

तीन, अडचणीत कुठं जायचं ते आधीच ठरवा. त्या दिवशी आमच्या पोलीस ठाण्यातला वायरलेस चालू होता. तिथून जिल्ह्याला निरोप गेला असता, अॅम्ब्युलन्सचा शोध लागला असता. ठाणं काकांच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. आम्हाला कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर आठवड्यातून चार वेळा त्या ठाण्यात जातो. फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसत असेल तर ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. नाहीच लागला तर सरळ ठाण्यात पळा.

टपरीवर दुसऱ्या दिवशी जाऊन मी सगळ्यांना खरं कारण सांगितलं. एकजण म्हणाला, "पण पत्रकार, काल तर तुम्हीच म्हणत होता." म्हटलं, हो, मीच म्हणत होतो, चुकलो. तो हसला. त्याला माझं कालचंच जास्त पटलेलं दिसलं.

काल त्या गटाराच्या बाजूला जाऊन आलो. केबलची दोन्ही टोकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तशीच लटकतायत. म्हणजे आमचं गाव आजही एकाच तारेवर आहे, आणि रस्त्याचं काम चालूच आहे.

तुमच्या तालुक्यात काय परिस्थिती आहे, जरा बघून या. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर पोलीस ठाण्याची वाट पोरांना दाखवून ठेवा.