उलटे आटे

राइटी टाइटी, लेफ्टी लूझी! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये फिजिक्सच्या मिसनी शिकवलेलं हे यमक. उजवीकडे फिरवलं की नट घट्ट, डावीकडे फिरवलं की सैल. एवढ्या भांडवलावर मी मेकॅनिकलला आले असं म्हटलं तरी चालेल. (शुद्धलेखनाला हसू नका मित्रांनो, मराठीत एवढं लांब पहिल्यांदाच लिहितेय.)

मामाचं गाव जुन्नरजवळ. त्याच्याकडे विलीजच्या परवान्यावर महिंद्राने बनवलेली जुनी सीजे-3बी जीप आहे. मामीपेक्षा तिचे लाड जास्त होतात, असं मामी म्हणते. गेल्या दिवाळीत तिचं पुढचं डावं चाक पंक्चर झालं. मी ऐटीत म्हटलं, "मामा, तू बस. मी बदलते."

पहिला नट हलेना. पान्याला मीटरभर पाइप लावला, पाइपवर उभी राहिले आणि उडी मारली. टक्! वाटलं, सुटला. बघते तर नट हातात आणि त्याच्या आत तुटलेला स्टड.

मामा ओरडला नाही. उरलेल्या एका स्टडच्या टोकावर कोरलेला इंग्रजी 'एल' दाखवला आणि विचारलं, "सायकलचा डावा पायडल उघडलायस कधी?" नव्हता उघडला. तिथे उलटे आटे असतात. या जीपच्याही डाव्या बाजूच्या चाकांना तसेच. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून जुन्या काळी कंपन्या असं करायच्या. म्हणजे मी नट सोडवत नव्हते, आवळत होते! नंतर गणित केलं. माझं वजन 50 किलो, पाइप एक मीटर, म्हणजे सुमारे 490 न्यूटन-मीटर, आणि उडीचा झटका वेगळाच. अर्ध्या इंची स्टडला साधारण 100 पुरे होतात.

मेकॅनिक येऊन नवा स्टड ठोकून गेला. आता चूक भरून काढायची म्हणून मी कामाला लागले. रिम घासली, तिला आतून-बाहेरून लाल रंग दिला, अगदी ड्रमला टेकते त्या बाजूलासुद्धा. दोन थर. चाक कसलं भारी दिसत होतं! मित्राचा टॉर्क रेंच मागून आणला. नटाची निमुळती बाजू रिमकडे, आधी पाचही नट हाताने, मग एक सोडून एक अशा चांदणीच्या क्रमाने, जॅक खाली उतरवून शेवटचा जोर. सगळं पुस्तकाप्रमाणे, आणि आटे उलटे हे लक्षात ठेवून. मामा म्हणाला, "एक फेरी मारून आलीस की परत आवळ." मी म्हटलं, "मामा, टॉर्क रेंचने लावलंय. अंदाजाने नाही."

दुसऱ्या दिवशी आजीला डोळे तपासायला नारायणगावला न्यायचं होतं. मामा चालवत होता, मी मागे. आजी पुढे डावीकडे, म्हणजे बरोबर त्याच चाकाच्या बाजूला. दहाएक किलोमीटर गेल्यावर खालून टक-टक आवाज यायला लागला. मामाने लगेच गाडी बाजूला घेतली. मी उतरून नटाला हात लावला, तर तो बोटांनी फिरला. पाचातले तीन तसेच. समोरून उसाचा ट्रक गेला आणि माझे पाय लटपटले.

कारण लगेच कळलं, तेच जास्त लागलं. स्टड म्हणजे एक कडक स्प्रिंग. नट आवळला की तो केसभर ताणला जातो आणि त्या ताणाने चाक धरून ठेवतो. आपण लावलेल्या जोरातला साधारण निम्मा नटाच्या बैठकीच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांत, ताणायला जेमतेम दहा टक्के उरतात. टॉर्क रेंचला यातलं काही दिसत नाही, तो फक्त एकूण जोर मोजतो. माझा रंग पिठासारखा दबला, भुगा झाला, आणि केसभर ताण होता तो गेला. मशीन डिझाइनच्या पेपरात हे मी लिहिलं होतं. पूर्ण मार्क होते.

आजी मैलाच्या दगडावर पदर सावरून बसली होती. तिने एवढंच विचारलं, "चाक हिनंच लावलंय ना रे?" मामा म्हणाला, "मी बघितलं नाही, माझी चूक." हे ऐकून मला रडू आलं. तो खोटं बोलत नव्हता, पण खरंही नव्हतं ते.

तिथेच चाक काढलं. मी स्क्रू-ड्रायव्हरने रंग खरवडला, धातू उघडा केला, परत चांदणीच्या क्रमाने आवळलं. पाच किलोमीटरवर थांबून बघितलं, नारायणगावात पोचल्यावर बघितलं. दवाखान्यातून बाहेर आलो तर आजीच्या डोळ्यांत औषध घातलेलं, तिला समोरचं काही दिसत नव्हतं. जीपपाशी आली आणि बॉनेटला धरून उभीच राहिली.

"आधी नट बघ," म्हणाली, "मग बसते."