बरोबरचं चिन्ह

पाचवीत इंग्रजी सुरू झालं आणि आठवीत वाक्प्रचार. बाईंनी वहीच्या पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ मारायला लावली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, आणि रेघेवर बरोबरचं चिन्ह. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' बरोबर मुसळधार पाऊस. 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इनटू द फायर' बरोबर आगीतून फुफाट्यात. चाळीसेक वाक्प्रचार असे पाठ झाले. चाचणीत त्यांचे सगळे मार्क मिळाले.

फुफाटा मला ठाऊक होता. रात्रीचा स्वयंपाक आटोपला की आजी निखारे राखेखाली ओढून घ्यायची आणि त्यात रताळी पुरायची. वरून राख करडी, मऊ, पिठासारखी. निवली असंच वाटायचं. एका रात्री धीर निघेना म्हणून मी रताळं काढायला बोटं खुपसली. आजीनं हात धरून परातीतल्या पाण्यात बुडवला. "जाळ दिसतो गं, हा दिसत नाही," एवढंच म्हणाली.

इंग्रजी माणूस तळणीतून उडतो तो थेट भडकलेल्या जाळात. सगळं डोळ्यांदेखत. आपला माणूस जाळातून निसटतो, सुटलो म्हणून श्वास सोडतो, राखेवर पाय टेकतो आणि तिथं पोळतो. संकट दोघांचंही वाढलेलंच, पण त्या सोडलेल्या श्वासाची फसगत फक्त आपल्या म्हणीत आहे. वहीतल्या दोन आडव्या रेघांत ती कुठली मावायला!

'टेकन अबॅक'समोर वहीत 'थक्क होणे' होतं. कित्येक वर्षं मी ते साध्या नवलासाठी वापरलं. पुढे कळलं, ते शिडाच्या जहाजावरचं आहे. वारा एकाएकी समोरून आला की शिडं उलटी फुगून डोलकाठीला चिकटतात आणि भरवेगात चाललेलं जहाज जागीच अडतं. 'बाय अँड लार्ज'ही तिथलंच: वाऱ्याच्या तोंडावर जाणं आणि वारा पाठीशी घेऊन जाणं, दोन्ही चाली मिळून. हे समजल्यापासून 'टेकन अबॅक' म्हणताना माझ्या छातीवर तो वारा येतो. नवल त्याच्यापुढे फार हलकं आहे.

आणि ऊब. 'वॉर्म वेलकम'पुढे मी 'हार्दिक स्वागत' लिहिलं होतं. त्यातली ऊब मला लीड्सला लेकीकडे गेले तेव्हा, जानेवारीत, समजली. शेजारच्या बाईंनी दारातच माझे बधिर झालेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि सोडलेच नाहीत. आमच्या सोलापूरकडे मे महिन्यात पाहुणा आला की आधी गूळ आणि माठातलं पाणी पुढे येतं. म्हणून आपल्याकडे जीव गार होतो, लेकरू दिसलं की डोळे निवतात. उन्हात जगणाऱ्यांची माया थंड असते, हिवात जगणाऱ्यांची उबदार. दोन्ही खऱ्या, मला दोन्ही लाभल्या.

मोल्सवर्थ उलट्या दिशेनं याच वाटेला लागला होता. कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 साली. तो उघडावा आणि वाचत बसावं. मराठी शब्दासमोर एक इंग्रजी शब्द ठेवून तो मोकळा होत नाही. लोक हा शब्द कुठं वापरतात, कुठल्या अर्थछटेनं, हे ओळीमागून ओळ सांगत राहतो. परभाषेपुढे एवढ्या अदबीनं बसलेला विद्यार्थी मी दुसरा पाहिलेला नाही.

आज वाक्प्रचार शिकवणाऱ्या बाईंना आणि सरांना माझी एकच विनंती आहे. वहीत मधोमध रेघ जरूर मारायला लावा. बरोबरचं चिन्ह मात्र घालू देऊ नका. तिथं चार ओळींची जागा कोरी सोडायला सांगा.