हँडलवरचा वाटाड्या

बाईकवर जीपीएस लावला असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला. ‘मोबाइल आहे ना खिशात, मग हा खर्च कशाला?’ मित्र विचारतात, पेट्रोल पंपावरचा पोऱ्या विचारतो, आणि अंबाजोगाईच्या घरी आई तर दर खेपेला नव्याने विचारते. प्रश्नात तथ्य आहे. कोथरूडहून हिंजवडीला जायचं असेल तर मोबाइल पुरतो. पण मी फ्रीलान्स पत्रकार. माझं ऑफिस म्हणजे पाठीवरची सॅक, आणि कामं निघतात ती बहुतेक बीड जिल्ह्यात. ऊसतोड कामगार, त्यांच्या पोरांच्या शाळा, पाणी. विषय कुठलाही असो, डेडलाइन पुण्याची आणि रस्ता बालाघाटाचा.

पुणे, अहिल्यानगर, कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई. तीनशेहून जास्त किलोमीटर. एवढ्यासाठी जीपीएस लागत नाही, हा रस्ता मला झोपेतही येतो. खरी मजा सुरू होते ती हमरस्ता सोडल्यावर. वस्त्या, वाड्या, तांडे. कित्येक तांड्यांच्या फाट्यावर साधी पाटीसुद्धा नसते. ‘चिंचेच्या झाडापासून डाव्या हाताला’ हा पत्ता, आणि पुढे चिंचेची झाडं तीन!

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं की कुणाला तरी! विचारते ना. दिवसा तर हमखास. आमच्याकडे पत्ता विचारला की माणूस नुसतं बोट दाखवत नाही, हातातलं काम टाकून फाट्यापर्यंत सोबत येतो. पण सूर्य कलल्यावर हिशेब बदलतो. घाटातल्या सुनसान वळणावर एकट्या मुलीने बाईक थांबवून, हेल्मेट काढून रस्ता विचारणं म्हणजे ‘मी एकटी आहे आणि वाट चुकले आहे’ अशी दवंडी पिटणंच. दहातली नऊ माणसं भली असतात. दहाव्यासाठी मी जीपीएस घेतला.

मग मोबाइल का नको? एक तर थरथर. २०२१ मध्ये अॅपलने स्वतःच जाहीर केलं होतं, की जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या इंजिनाची कंपनं सतत बसत राहिली तर आयफोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो. माझी बाईक दीडशे सीसीची, पण सिलिंडर एकच आणि रस्ता पाटोद्याचा! दुसरं, ऊन. एप्रिलमध्ये चार्जिंगला लावलेला मोबाइल हँडलवर तापतो, स्क्रीन आपोआप अंधूक होते आणि नेमक्या फाट्यावर काही दिसत नाही. तिसरं, नेटवर्क. डोंगराआड गेलं की रेंज गुल. उपग्रहांचा सिग्नल पकडायला रेंज लागत नाही, पण नकाशा आधी उतरवून घेतला नसेल तर समोर नुसता कोरा चौकोन आणि त्यात आपण, एक निळा ठिपका.

सगळ्यात महत्त्वाचं कारण मला एका सीनियर रायडरने सांगितलं. बाईक पडली तर तू एकीकडे, बाईक दुसरीकडे. मोबाइल हँडलवर असेल तर मदतीला फोन कशावरून करणार? तेव्हापासून मोबाइल जॅकेटच्या आतल्या खिशात. बाबांना लाइव्ह लोकेशन तिथूनच जातं. वाट दाखवायचं काम हँडलवरच्या यंत्राचं, माणसांशी जोडून ठेवायचं काम खिशातल्या मोबाइलचं. कामांची वाटणी झाली की घरात भांडणं कमी होतात, तसंच हे!

युनिट निवडताना माझी कसोटी एकच होती. ज्याच्याकडे कमीत कमी बघावं लागेल ते चांगलं. फीचर्सची यादी वाचत बसलात तर गाणी, हवामान, मेसेज, सगळंच हवंसं वाटतं. त्याऐवजी मी हे तपासलं. भर उन्हात स्क्रीन वाचता येते का? ग्लव्ह्ज घालून बटण दाबलं जातं का? पावसात टिकेल का? आयपीएक्स-७ लिहिलेलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही यंत्र शाबूत राहायला हवं. आणि भारताचा नकाशा आत आहे का? परदेशातून आणलेल्या युनिटमध्ये कधी कधी युरोपातल्या गल्ल्या असतात आणि केज नसतं. नवीन युनिट बजेटबाहेर होतं, म्हणून पुण्यातल्या एका रायडरकडून गार्मिनचं जुनं झूमो घेतलं. त्यात ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला फुकटचा नकाशा टाकला. हा नकाशा २००४ पासून जगभरातले हौशी लोक मिळून बनवताहेत. त्यात तुम्हीही आपल्या गावचा रस्ता काढू शकता.

थोडा इतिहास सांगते, कारण तो आपल्या फायद्याचा आहे. जीपीएस अमेरिकी लष्कराचं. २ मे २००० पर्यंत सामान्यांना मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवलेला असायचा आणि चूक शंभर मीटरपर्यंत जायची. शंभर मीटर म्हणजे आमच्या डोंगरात पुढचा फाटा! त्या दिवशी ही गडबड बंद झाली आणि बाईकवरचा जीपीएस खऱ्या अर्थाने कामाचा झाला.

तरी यंत्र ते यंत्रच. ‘शिरूर’ टाकून बघा. ते तुम्हाला पुणे-नगर रस्त्यावरच्या शिरूरला, म्हणजे घोडनदीला नेऊन ठेवेल. बीडचं ते शिरूर कासार. लातूरकडे आणखी दोन, अनंतपाळ आणि ताजबंद. आष्टी बीडमध्ये आहे तशी वर्ध्यातही आहे. म्हणून मी नुसत्या नावावर कधी निघत नाही, आदल्या रात्री नकाशावर बोट ठेवून खूण करते आणि त्या खुणेला नाव देते.

आता बसवणं. हे काम अंबाजोगाईतल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांनी केलं. मी टँकबॅगवर लावायचं म्हणत होते, वायर लपते म्हणून. काकांनी मला सीटवर बसवलं आणि म्हणाले, ‘समोर बघ. आता टाकीकडं बघ. मान किती खाली गेली? तेवढ्यात म्हैस आडवी येती बाई.’

प्रश्न मिटला. युनिट हँडलच्या मधोमध, स्पीडोमीटरच्या जरा वर आलं. आरशाच्या दांड्यावरही लागतं, पण तिथे थरथर जास्त. क्लॅम्प माझ्या हँडलच्या मापाचा, बावीस मिलिमीटरचा. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, म्हणजे पकड घट्ट आणि हादरा कमी. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून पाहिलं. क्लच केबल ओढली जात नाही ना, इंडिकेटरचा दिवा झाकला जात नाही ना, वायर कुठे चिमटत नाही ना. वीज किल्ली फिरवल्यावरच मिळेल अशा जोडणीतून घेतली, मध्ये फ्यूज टाकला. नाहीतर रात्रभर यंत्र चालू आणि सकाळी बॅटरी झोपलेली. शेवटी एक बारीक दोरी. क्लॅम्प सुटलाच तर यंत्र रस्त्यावर पडायला नको. ‘शंभर किलोमीटर झाले की नट परत आवळ,’ काकांनी बजावलं. आवळले. अर्धा आटा फिरला!

स्क्रीनचा कोनही बघून ठेवा. पुण्याहून बीडकडे सकाळी निघालात तर ऊन तोंडावर असतं आणि स्क्रीन सावलीत. दुपार टळली की तेच ऊन पाठीमागून येऊन थेट काचेवर पडतं. एका बोटाने कोन बदलता यायला हवा, आणि तोही बाईक थांबवूनच.

थांबवूनच का, तर साधं गणित आहे. ताशी साठच्या वेगात बाईक दर सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं की तेहेतीस मीटर आंधळे. ऑक्टोबर २०२० पासून लागू असलेल्या नियमांतही उपकरण फक्त रस्ता शोधण्यापुरतं, आणि लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीने वापरायची मुभा आहे. ते तेहेतीस मीटर म्हणजे काय हे मला जानेवारीतल्या एका संध्याकाळी नेकनूरच्या पुढे कळलं. उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला बंद पडलेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. उसाची काळी भिंत एकदम उजेडात आली. ‘पुढे सरळ’ असं हेल्मेटमधला स्पीकर नुकताच बोलला होता, म्हणून नजर रस्त्यावरच होती. ब्रेक लागला, बाईक थांबली. ट्रॉलीखाली जॅक लावणारा माणूस आणि टॉर्च धरलेली त्याची बायको, दोघंही दचकून उभे राहिले. त्या रात्री घरी पोचल्यावर मी स्क्रीनचा उजेड तळाला नेला आणि गाणी, मेसेज सगळं बंद केलं. आता यंत्र वळणाआधी बोलतं, एरवी गप्प.

माझ्या नकाशावर आज बऱ्याच खुणा आहेत. त्यातल्या पुष्कळ तांड्यांच्या. दिवाळीच्या आसपास तिथे गेलात की खूण अचूक सापडते, आणि घरांना कुलपं. नवरा-बायकोचा ‘कोयता’ मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेला असतो, तो थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. मागे उरतात म्हातारी माणसं आणि थोडी मुलं.

धारूरकडच्या अशाच एका तांड्यावर एका आजीने हँडलवरचं यंत्र निरखून पाहिलं. ‘ह्याच्यात आमचा तांडा दिसतो व्हय?’ मी दाखवला. नाव आदल्या महिन्यात मीच नकाशावर घातलं होतं. तिने काचेवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, ‘मग कारखान्याकडं गेलेलं पोरगं आन् सूनबी दाखव की.’

ते काही मला दाखवता आलं नाही. मी फक्त विचारलं, फड कुठल्या शिवारात पडलाय? तिने दोनदा आठवून गावाचं नाव सांगितलं, सोबत निरोपही दिला. नातीचा ताप उतरलाय म्हणून सांग. त्या नावाची तीन गावं निघाली. मुकादमाला फोन करून नेमकं कोणतं ते विचारून घेतलं आणि खूण केली. शनिवारी पहाटे निघतेय. नट आवळून झालेत.