पडद्यावरचे 90 टक्के

खेळांवरून वाद झाला की मी वर्षानुवर्षं आकड्यांच्या बाजूने उभी राहिले. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. संध्याकाळी मित्रमंडळींबरोबर कॉम्प्युटरवर डावपेचांचे खेळ खेळते, आणि 2020 च्या लॉकडाउनपासून घरच्यांबरोबर मोबाईलवर लुडोही. दोन्हीकडे तक्रार एकच: हा फासा लबाड आहे. माझं उत्तरही ठरलेलं असायचं. तुम्हाला वाटतं ते मत, मी सांगते ते तथ्य.

मोठ्या जाऊबाईंची सोंगटी घरातून बाहेरच पडेना. त्या म्हणाल्या, "मलाच कसं गं दान पडत नाही?" मी लगेच हिशेब सांगितला: ओळीने दहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे 16 टक्के असते, त्यात नवल ते काय? गणित बरोबर होतं. त्या गप्प बसल्या. पुढे लुडोला बोलावलं की त्यांचं डोकं दुखायला लागायचं. त्या दुखण्याचा माझ्या उत्तराशी काही संबंध असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

मित्रांशी तर मी याहून कठोर वागायचे. 'एक्सकॉम'मध्ये आपला सैनिक शत्रूवर नेम धरतो तेव्हा गोळी लागण्याची टक्केवारी पडद्यावर दिसते. 95 दिसतात आणि गोळी हुकते. एक मित्र दर वेळी वैतागून म्हणायचा, "हा खेळ खोटं बोलतो." मी त्याला ऐकवायचे: विसातून एकदा हुकणारच, आणि तुला हुकलेल्या तेवढ्या गोळ्या लक्षात राहतात. पुराव्यादाखल मी सिड मायर यांचं नाव घ्यायचे. 'सिव्हिलायझेशन' या खेळमालिकेच्या या निर्मात्याने 2010 मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात एक अनुभव सांगितला होता. जिंकण्याची शक्यता तीनास एक असताना माणूस हरला की त्याला अन्याय वाटतो. तोच माणूस एकास तीन अशा वाईट स्थितीतून जिंकला, तर त्याला त्यात काहीच खटकत नाही. बघा, मी म्हणायचे, गणित सरळ आहे, वाकडी आहे ती तुमची समजूत. त्याच भाषणात मायर पुढे हेही सांगतात की खेळणाऱ्यांच्या या भावनेपुढे त्यांनी खेळातलं गणितच बदललं. हा भाग मला ठाऊक होता. मी तो सांगत नव्हते. तथ्याची एवढी चाड असलेल्या बाईने अर्धंच तथ्य वापरावं, याची आज लाज वाटते.

हे सगळं हललं ते माझ्या भाच्यामुळे. सुट्टीत तो आमच्याकडे आला होता आणि जेवताना मी माझं नेहमीचं पालुपद सुरू केलं. त्याने शांतपणे विचारलं, "मावशी, पडद्यावर 90 लिहिलंय म्हणून ते 90 असतं कशावरून?" मग त्याने 'फायर एम्ब्लेम'बद्दल सांगितलं. 2002 साली जपानमध्ये आलेल्या 'द बाइंडिंग ब्लेड'पासून या मालिकेच्या अनेक भागांत खेळ एका वारासाठी 0 ते 99 मधल्या दोन संख्या काढतो आणि त्यांची सरासरी घेतो. ती सरासरी पडद्यावरच्या आकड्यापेक्षा कमी आली, तर वार लागला.

माझा विश्वास बसेना. ताट तसंच ठेवून मी कागद ओढला. दोन संख्यांच्या एकूण जोड्या 10,000. 90 दिसत असताना वार हुकायचा तर बेरीज 180 किंवा त्याहून जास्त हवी. पहिली संख्या 99 आली तर दुसरी 81 ते 99, म्हणजे 19 जोड्या. पहिली 98 तर 18 जोड्या. मग 17, मग 16, असं करत एकापर्यंत. बेरीज 190. दहा हजारांत फक्त 190. म्हणजे पडद्यावर 90 टक्के दिसत असताना वार लागायचा 98 टक्क्यांहून थोडा जास्तच! आणि 10 दिसत असतील, तर प्रत्यक्षात जेमतेम 2.

मी ती बेरीज पुन्हा केली. वर्गात पोरांना जे दर वर्षी शिकवते, तेच हे गणित. अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते त्याच्या पलीकडचं. ज्या आकड्याच्या जोरावर मी माणसांना गप्प केलं, तो मी एकदाही तपासला नव्हता. पडद्यावर लिहिलंय, एवढाच माझा आधार होता. मग 'एक्सकॉम'विषयी शोधलं. सोप्या पातळ्यांवर ओळीने नेम हुकले की हा खेळ गुपचूप खेळणाऱ्याची शक्यता वाढवतो, आणि पडद्यावर ते दिसत नाही. माझा मित्र खेळायचा तो सोप्याच पातळीवर. खेळ आपल्याविरुद्ध आहे असं त्याला वाटायचं, ते चूक होतं. खेळ त्याच्याच बाजूने झुकलेला होता. पण आकडा खरा नाही, हे त्याने ओळखलं होतं. मी नव्हतं ओळखलं. मला सत्य शोधायचंच नव्हतं, मला वाद जिंकायचा होता.

याचा अर्थ ज्याला जे वाटेल ते खरं, असा मी लावलेला नाही. 'ड्रीम' या नावाने खेळणाऱ्या प्रसिद्ध खेळाडूच्या 2020 मधल्या 'माइनक्राफ्ट'च्या विक्रमाचं प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. परीक्षकांनी त्याच्याच प्रक्षेपणांत मोजून दाखवलं की 262 सौद्यांत त्याला 42 वेळा हवा असलेला मोती मिळाला. खेळाच्या नियमांनुसार बाराच्या आसपास मिळायला हवा होता. चाहते खवळले. 2021 मध्ये त्याने स्वतःच कबूल केलं की शक्यता बदलणारा प्रोग्राम चालू होता, मात्र तो नकळत राहिला होता. तिथे आकडाच जिंकला आणि तो जिंकायलाच हवा होता. पण त्या परीक्षकांनी सौदे एकेक करून मोजले होते, मोजणी सगळ्यांपुढे ठेवली होती. ज्याला शंका असेल त्याने पुन्हा मोजावं. मी माझ्या मित्राला अशी सोय कधी दिली?

त्या मित्राला मी फोन करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, "म्हणजे खेळ मला मदत करत होता आणि तरी मी हरत होतो?" त्याला त्याचंच जास्त वाईट वाटलं. जाऊबाईंशी बोलणं जास्त जड गेलं, कारण त्यांच्या फाशाबाबत माझं गणित आजही बरोबरच आहे. त्यांना गणित नको होतं, "हो ना, आज दान रुसलंय" एवढंच हवं होतं. ते म्हणायला मला शिकावं लागलं.

भाच्याशी मात्र माझा वाद अजून चालू आहे. त्याच्या मते 90 दाखवून 98 देणं ठीकच आहे: माणसाला 90 म्हणजे 'जवळपास नक्की' असंच वाटतं, मग खेळाने तसं वागावं. मला हे पटत नाही. दाखवायचा तर खरा आकडा दाखवा, नाहीतर दाखवूच नका. यात कागद-पेन्सिल घेऊन बसण्याचा उपयोग नाही, हे दोघांनाही कळतं. परवा त्याने नवा मुद्दा काढलाय: हवामानखात्याने पावसाची शक्यता सांगितली की मी त्याहून जास्त मानून छत्री घेतेच ना? यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.