स्वखुशीने

माझी धाकटी लेक कोल्हापूरला विद्यापीठात समाजशास्त्रात एम.ए. करत होती. शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध लिहावा लागतो. तिचा विषय होता शेतजमिनीतला बायकांचा हक्क. मॅडमनी पहिलं प्रकरण परत दिलं तशी पोर बॅग घेऊन घरीच आली. म्हणाली, "आबा, मला नाही जमत. सोडून देते."

पानं बघितली. लाल पेनानं जागोजागी लिहिलेलं : कोण म्हणतं? किती जणी? हे वाक्य कुणाचं?

मी दहावी शिकलेला माणूस, मला प्रबंधातलं काय कळणार! म्हटलं, मोठ्यानं वाच. "सदर अभ्यासाच्या अनुषंगाने ग्रामीण महिलांच्या मालमत्ताविषयक सक्षमीकरणाच्या प्रक्रियेचा..." क्रियापदापर्यंत जाईस्तोवर तिचा दम संपला. मी विचारलं, "यात बाई कुठं हाय?"

"असंच लिहायचं असतं, आबा."

मी तरी काय वेगळं केलं होतं? बहात्तरच्या दुष्काळात आईसंगं खडीच्या कामावर गेलेलो, आणि शाळेत निबंध लिहिला पावसाळ्यावर. गाईडातून. हिरवा शालू वगैरे. आमच्या माण तालुक्यात तो शालू कुणी पाहिला होता कुणास ठाऊक!

तिला म्हटलं, डेअरीच्या पुस्तकात 'भरपूर दूध' लिहून पैसे मिळत नाहीत. तारीख, लिटर, फॅट लिहावं लागतं. ती हसली. पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन बाहेर पडली. आमच्या आणि शेजारच्या गावात मिळून 32 बायकांना भेटली. बाई बोलली ते तिच्याच शब्दांत अवतरणात, पुस्तकातलं घेतलं तर लेखकाचं नाव नि साल, आणि स्वतःचं मत निराळं, असं मॅडमनी सांगितलेलं ती आता पाळायला लागली. नेटवरचे उतारे आपोआप गळाले. बायकांची नावं द्यायची नाहीत, फक्त नंबर.

पुढच्या खर्ड्यात एक वाक्य होतं : '2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका हिस्सा मिळाला, तरी बहुतेक बहिणींनी स्वखुशीने हक्क सोडले.' मॅडमनी फक्त 'स्वखुशीने'खाली रेघ मारली होती.

लेकीनं विचारलं, "आबा, आत्यांचं हक्कसोडपत्र आहे ना घरात?"

ट्रंकेतून काढून दिलं. साल 2007. आमचे वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षाचं. साडेसहा एकर, दोन बहिणी. 'कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने.' हा शब्द माझाही नव्हता नि बहिणींचाही नव्हता. लिहिणाऱ्यानं घातला होता, सगळ्यांच्याच कागदात घालतात तसा.

पोर आक्काकडं जाऊन दोन दिवस राहिली. परत आली ती गप्प. आठवड्यानं चौथं प्रकरण माझ्याकडं वाचायला दिलं. उत्तरदाती क्र. 19 : "भावानं जीप पाठवली. थोडं काम आहे म्हणाला. ऑफिसात गेल्यावर कळलं कशाला बोलावलंय. मला साडी घेतलेली. माहेर तुटंल म्हणून सही केली."

साडी मीच आणली होती. म्हसवडच्या बाजारातनं.

"काढू का हे?" तिनं विचारलं.

मी कांद्याला पाणी धरायला निघून गेलो. रात्रीची लाईट होती, ते बरंच झालं. पहाटे आलो तर ही जागीच.

"मॅडम काय म्हणतील?"

"आता पुरावा आहे म्हणतील."

"मग राहू दे."

तिनं वही उघडली. नवीन पानावर लिहिलं : उत्तरदाता, पुरुष, व्यवसाय शेती, शिक्षण दहावी. म्हणाली, "बहिणींना आधी सांगितलं होतं का?"

"नाही."

तिनं तेवढंच लिहिलं. मग मान वर न करता पुढचा प्रश्न विचारला, "का?"